मोडीच्या भावाने

पनवेलच्या बाजारात आमचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते. नाण्यांच्या नादाला मी लागलो तो त्या दुकानामुळे. ग्रंथालय किंवा विद्यापीठ यांचा त्यात काही वाटा नाही. बी.कॉम.चे शेवटचे वर्ष राहिले ते राहिलेच. ब्राह्मी मी एका जुन्या तक्त्यावरून शिकलो, मोडी घरातल्या वह्यांवरून, आणि इंग्रजी ग्रंथ शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. एवढे सांगायचे कारण असे की, या लेखात जी चूक मांडणार आहे ती अडाणीपणातून झाली, आणि तो अडाणीपणा माझा होता.

गेली पंचवीसेक वर्षे मी नाण्यांच्या प्रदर्शनांना जातो. पुण्यात इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स या संस्थेचे ‘कॉइनेक्स’ भरते. मुंबई, बंगळूर, कोलकाता येथेही अशी प्रदर्शने भरतात. ज्यांनी असे प्रदर्शन पाहिलेले नाही त्यांच्या डोळ्यांसमोर संग्रहालय येत असेल, तर ते चित्र चुकीचे आहे. एका बाजूला काचेच्या चौकटींत स्पर्धेची मांडणी असते, तिथे फारसे कोणी थांबत नाही. खरी गर्दी असते ती टेबलांपाशी. हिरव्या-निळ्या मखमलीचे ट्रे, प्लॅस्टिकच्या पाकिटांचे जाडजूड अल्बम, खिशातून निघणारी भिंगे, आणि नाणे कडेने धरा म्हणून पोरांवर खेकसणारे व्यापारी. बाजार आहे तो, आणि मी बाजारातला माणूस असल्याने मला तिथे परके वाटत नाही.

त्यातल्या काहींच्या फलकांवर ‘आंतरराष्ट्रीय’ असे लिहिलेले असते. ते खोटे नाही. एकावर चौदा शून्ये असलेली झिंबाब्वेची शंभर ट्रिलियन डॉलरची नोट तिथे मिळते. २००९ साली ती आली तेव्हा हरारेत तिच्यात बाजारहाटही धड होत नव्हता, आज मात्र ती लोक हौसेने विकत घेतात. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर जर्मनीतल्या गावोगावच्या नगरपालिकांनी छापलेल्या चित्रमय नोटा मिळतात. ब्रह्मदेशासाठी जपान्यांनी छापलेले रुपये मिळतात. शेजारच्याच टेबलावर मात्र कायदा वेगळा आहे. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुराणवस्तू ठरते आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे जगाची नाणी आत येऊ शकतात, आपली जुनी बाहेर जाऊ शकत नाहीत. यात एक गंमतही आहे. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या माळेतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली आणि सरकारने ते नाणे मागे घेतले. हा ‘डुकराचा रुपया’ शंभर वर्षे उलटेपर्यंत साधे जुने नाणे होता. २०११ नंतर तोच पुराणवस्तू झाला. नाण्यात काही बदलले नाही, कॅलेंडर बदलले.

अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे. नाणे अमेरिकेतल्या कंपनीकडे किंवा तिच्या इथल्या केंद्रात पाठवायचे, ते कडक प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून, वर सत्तरपैकी गुण छापून परत येते. सत्तरची ही पट्टी शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी बसवली, आता ती जगभर चालते. डबीवर नाणे कोणत्या राज्याचे, किती साली पाडलेले, किती झिजलेले हे असते. एकच गोष्ट नसते. ते नाणे कोणत्या मातीतून आणि कशाच्या सोबत वर आले, ही.

या एका रिकाम्या जागेने काय जाते हे समजायला नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला जावे लागेल. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. सव्वातेरा हजारांहून अधिक नाणी. ती वाटली जाण्याआधी, वितळण्याआधी एकत्र पाहिली गेली, हे आपले भाग्य. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९०८ साली माहिती दिली. सगळी नाणी क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि लेख ब्राह्मी, खरोष्ठी व ग्रीक अशा तीन लिप्यांत. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाने आपला ठसा वरून ठोकलेला होता. एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात ते. नाव गौतमीपुत्र सातकर्णी.

गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला असे नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरून ठेवलेले आहेच. पण आई मुलाचे कौतुक करणारच. जोगळटेंभीच्या साठ्याने त्या कौतुकाला साक्षीदार दिला. आणि साक्ष एका नाण्याची नव्हती, ती मोजदादीची होती. वरून ठसा मारलेली दोन तृतीयांशांहून जास्त आणि न मारलेली उरलेली, असे प्रमाण कळले म्हणून प्रश्न विचारता आले: जिंकणाऱ्याने सगळी नाणी एकदम गोळा केली, की हळूहळू? ठसा नसलेली नाणीही चालत होती का? ज्याने ती पुरली त्याच्या हातात दोन्ही कशी? आता समजा हीच सव्वातेरा हजार नाणी सराफांच्या दुकानांतून एकेक करून बाहेर गेली असती. प्रत्येक नाणे तेवढेच सुंदर राहिले असते. ठसा दिसला असता, भिंगाखाली दोन्ही राजे दिसले असते. प्रमाण गेले असते. आज प्रदर्शनात ठसा मारलेले नहपानाचे नाणे दिसले की मी ते उचलून बघतो, आणि विचारतो, कुठले? ‘नाशिक साइड’ असे उत्तर येते. ते बहुधा बरोबर असते आणि त्याचा काही उपयोग नसतो.

नहपानाच्या नाण्यावर निदान राजाचे नाव आहे, तीन लिप्या आहेत. आपली शिवराई याबाबतीत फार मुकी. शिवराई म्हणजे तांब्याचा पैसा. पुढे ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत, मागे ‘छत्रपति’ दोन ओळींत. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ती पाडली गेली असे मानतात. पण ती महाराजांबरोबर संपली नाही. छत्रपती बदलले, पेशवे आले, टांकसाळी ठेक्याने दिल्या गेल्या, तरी लेख तोच. कोणाही ठेकेदाराने ‘श्री राजा शिव’ बदलायची हिंमत केली नाही, किंवा त्याची गरज वाटली नाही, कारण लोक त्या अक्षरांवर विश्वास ठेवत होते. पुढे पुढे तर अक्षरे कोरणाऱ्याला वाचता येत नसावीत असे वाटावे इतकी ती बिघडत गेली. ओळींमधल्या दुहेरी रेघेमुळे जिला दुदांडी म्हणतात ती शिवराई तर मराठेशाहीच्या अखेरीची आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीची. इंग्रजांचे तांबे आल्यावरही शिवराया बाजारात फिरतच होत्या.

आता अडचण बघा. दीडशे वर्षांहून अधिक काळ पाडलेले हे नाणे, आणि त्यावर साल नाही. टांकसाळीचे नाव नाही. पुणे, सातारा, कोल्हापूर, कोकण, कुठलीही असू शकते. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांनी ‘मराठा मिंट्स अँड कॉइनेज’ या ग्रंथात मराठी टांकसाळींची जेवढी व्यवस्था लावता येईल तेवढी लावली. अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेने तो १९८९ साली काढला. तरी हातातली एकटी शिवराई केव्हाची आणि कुठली हे बहुतेक वेळा त्या ग्रंथाच्या आधारेही सांगता येत नाही. सांगता येते ते एकाच प्रकारे. शिवराई कशाच्या सोबत सापडली? तिच्या शेजारी साल असलेले एखादे नाणे होते का? असेल, तर ते गाडगे त्या सालाच्या आधी बंद झालेले नाही हे नक्की. साठ्यातले सर्वांत उशिराचे नाणे हे दाराला लावलेल्या कुलपासारखे असते. शंभर मुक्या शिवरायांमध्ये एक बोलका पैसा असला, तर तो सगळ्यांच्या वतीने बोलतो.

असा बोलका पैसा माझ्या हातात आला होता. मी तो परत गाडग्यात टाकला.

मार्च १९८९. मी एकवीस वर्षांचा, गल्ल्यावर बसलेला. जुन्या पनवेलीतला एक वाडा पाडण्याचे काम चालू होते. जोत्याखाली खोदताना एक गाडगे लागले. मजुरांपैकी दोघे ते गोणपाटात बांधून आमच्याकडे घेऊन आले, कारण तांब्याची मोड कोण घेतो हे गावात सर्वांना माहीत. गाडगे टिकावाच्या घावाने फुटलेले, आत पैसे हिरव्या गंजाने एकमेकांना चिकटलेले. वडिलांनी एक पैसा दगडावर घासून पाहिला, तांबे चोख होते. वजन केले, मोडीच्या भावाने पैसे दिले. मजूर खूश झाले. दोन दिवसांचा रोज सुटला होता.

मला ‘श्री’ दिसले होते. मी वडिलांना म्हणालो, “बाबा, हे शिवाजी महाराजांचे आहेत, थोडे काढून घेऊ?” ते म्हणाले, “घे. पण वजनातून वजा होतील, तेवढे तुझ्या खात्यावर.” मी पायरीवर बसून ढीग उलटापालटा केला आणि अकरा पैसे निवडले. निवड कशाची? ज्यांची अक्षरे ठळक होती त्यांची. त्या ढिगात मोठाल्या शिवरायांखेरीज लहान, पातळ, कडा गुळगुळीत असलेलेही पैसे होते. त्यांच्यावर तराजूचे चित्र होते. ते यंत्राचे आहेत हे मला कळले. इंग्रजांचे, म्हणजे नको. त्यातला एक मी हातात धरून वाचलाही होता. इंग्रजी आकड्यांत साल होते, अठराशे तीस की बत्तीस की तेहेतीस, ते आता काही केल्या आठवत नाही. परत टाकला. पुढच्या आठवड्यात आमची मोड भट्टीवाल्याकडे गेली आणि त्याचे पत्रे झाले. कदाचित त्याचे हंडे होऊन आमच्याच दुकानात परत आले असतील.

माझे अकरा पैसे मी चिंच आणि राख लावून भांड्यांसारखे घासले. लखलखीत झाले. दीडशे वर्षांचा थर अर्ध्या तासात गेला. हे केलेले नाणे जाणकार लांबूनही ओळखतो. एक काम मात्र बरे केले. वहीच्या पानाखाली प्रत्येक पैसा ठेवून वरून पेन्सिल फिरवली आणि त्यांचे ठसे घेतले. शाळेत आम्ही चार आण्यांचे असे करायचो, म्हणून केले. शास्त्र म्हणून नव्हे.

त्या तराजूच्या पैशांचे महत्त्व मला कळायला आठ वर्षे गेली. तराजू हे मुंबईच्या कंपनी सरकारच्या तांब्याचे चिन्ह. १७९१ साली बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या टांकसाळीतून हे पैसे मुंबईसाठी यंत्रावर पाडून जहाजाने आले. नंतर मुंबईच्या कोटात वाफेवर चालणारी टांकसाळ उभी राहिली, आणि तिथून १८३० ते १८३३ या काळात तराजूचाच पाव आणा निघाला. १८३५ साली कंपनीने आपल्या सगळ्या मुलखाला एकच रुपया लागू केला. तोवर मुंबईत एक चलन, पुण्यात दुसरे, चांदवडला तिसरे, आणि त्यांची अदलाबदल करून जगणारे सराफ जागोजागी.

आता त्या नकाशावर पनवेल कुठे होते ते पाहा. मुंबईहून माल आणि माणसे मचव्यांतून खाडीने पनवेल बंदरात उतरत, आणि तिथून बोरघाट चढून देशावर जात. गव्हर्नर माल्कमने १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला केला, तेव्हा तर पनवेल हा मुंबईचा दरवाजाच झाला. १८६३ साली बोरघाटात रेल्वे चढली ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडले. मधली तेहेतीस वर्षे आमच्या गावाची. गाड्यातळ, धर्मशाळा, सराफकट्टे त्या काळचे. बेने इस्रायलींचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे, नगरपालिका १८५२ ची.

म्हणजे त्या गाडग्यात घाटावरचा पैसा आणि बंदरावरचा पैसा एकत्र पडले होते. पुरणारा कोण होता, सराफ, वाणी, गाडीवान, हे कधीच कळणार नाही. पण प्रमाण कळले असते. शंभरात किती शिवराया, किती तराजू? शिवरायांमध्ये दुदांडी किती? तराजूच्या पैशांत शेवटचे साल कोणते? कंपनीची टांकसाळ जोरात चालू असताना पनवेलचा माणूस जुन्या शिवराईला किती चिकटून होता, याचे उत्तर त्या ढिगात मोजलेले तयार होते. जोगळटेंभीचे हेच तर. फक्त इथे चांदी नव्हती, राजा नव्हता, आणि तपासणारा म्हणजे ‘श्री’ ठळक असलेले पैसे वेचणारा मी होतो.

त्या अकरांपैकी पाच पैसे १९९७ साली मी मुंबईच्या एका संग्राहकाला दिले आणि त्याच्याकडून पुस्तके घेतली. त्यांत माहेश्वरी-विगिन्स यांचा तो ग्रंथ होता. त्याच्या प्रकाशनाचे साल वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. ज्या वर्षी मी गाडगे वितळवले त्याच वर्षी ते छापले गेले होते.

आता प्रदर्शनातला प्रसंग. कोणत्या गावचे, ते मुद्दाम लिहीत नाही. असा प्रसंग कुठल्याही गावी घडला असता. एका तरुण व्यापाऱ्याच्या ट्रेमध्ये दोन प्रकारच्या शिवराया होत्या. डावीकडे शंभर-दोनशेला एक, कोणतीही उचला. उजवीकडे पाकिटात घातलेल्या, प्रत्येकी बाराशे. त्यातली एक मी उचलली आणि माझ्या हाताला ती ओळखू आली असे म्हणालो तर अतिशयोक्ती होईल. ओळखीचा होता तो घाव. ‘छत्रपति’मधल्या ‘ति’च्या वेलांटीवर तिरपी खाच, गाडगे फोडणाऱ्या टिकावाची. आणि अंगाला तो घासलेला, मागाहून पुन्हा तपकिरी झालेला रंग.

“ही कुठली?”

“रायगडची, साहेब. पायथ्याला शेतात मिळालेली. म्हणून तर वेगळी ठेवलीय.”

त्याचा दोष नव्हता. त्याला ज्याने विकली त्याने तसे सांगितले होते, त्यालाही कोणीतरी. माझ्या हातून गेल्यानंतर कुठल्या तरी वळणावर तिला रायगड चिकटला. किमतीत हजाराचा फरक पडला की गावे अशीच चिकटतात. मी म्हणालो, “ही पनवेलची आहे. एकोणनव्वद साली एका वाड्याच्या जोत्यात मिळाली. घासली मीच.” तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी साधेपणाने म्हणाला, “असेल, साहेब. पण पनवेलची द्या म्हणून मागणारा अजून कोणी भेटला नाही.” शेवटी नऊशेला दिली. घरी येऊन १९८९ च्या वहीतल्या पेन्सिलीच्या ठशावर ठेवली. खाच जुळली. ठसा क्रमांक सात.

या गोष्टीत कायदा कुठे होता, असे कोणी विचारील. कायदा होता, १८७८ पासून आहे. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही मिळाले तर कलेक्टरला कळवायचे. मालक निघाला नाही तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जागामालकाचे. सरकारला ते हवे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन ते घेता येते. दहा रुपयांची मर्यादा १८७८ मध्ये बरीच होती. आणि धातूची किंमत अधिक एक पंचमांश, म्हणजे तांब्याच्या बाबतीत मोडीच्या भावावर वीस टक्के. त्यासाठी रोजंदारीवरचा मजूर अलिबागला कलेक्टर कचेरीत खेटे घालील, ही अपेक्षा ज्याने कधी रोजंदारी केली नाही त्याची. आमच्या दुकानात त्याला त्याच क्षणी रोख मिळाले. वडिलांना हा कायदा माहीत नव्हता, मलाही नव्हता. माहीत असता तर आम्ही वेगळे वागलो असतो, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

इंग्लंडात सफोक परगण्यात हॉक्सन नावाचे खेडे आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथे एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याच्या मित्राने, एरिक लॉज याने, धातूशोधक यंत्र घेऊन तो शोधायला सुरुवात केली, आणि त्याला सोन्याचांदीची रोमन नाणी आणि चमचे लागले. थोडे वर काढून तो थांबला. बाकीचे मातीतच ठेवून त्याने अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी जागेवर येऊन ते जसे होते तसे उचलले. पंधरा हजारांच्या आसपास नाणी, आणि ती कशी बांधली, कोणत्या पेटीत, कोणत्या थरात हे सगळे. चांदीच्या जवळजवळ सगळ्या नाण्यांच्या कडा कातरलेल्या होत्या, म्हणजे रोमची टांकसाळ तुटल्यावर ब्रिटनमध्ये चांदी कशी पुरवून पुरवून वापरली हे कळले. शेवटचे नाणे इसवी सन ४०७ च्या सुमाराचे. लॉजला साडेसतरा लाख पौंड मिळाले, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तिथे लोक आपल्याहून सज्जन आहेत असे नाही. सापडणाऱ्याला बाजारभाव मिळतो, एवढेच. तिथे तर परगण्यापरगण्यात माणूस नेमलेला आहे. शेतात सापडलेला साधा पैसाही त्याच्याकडे न्यायचा, तो जागा नोंदवून घेतो आणि वस्तू बहुतेक वेळा परत देतो. सरकारला पैसा नको आहे, पत्ता हवा आहे. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आमचे दुकान २००८ साली बंद झाले. वह्या माळ्यावर होत्या. ती शिवराई परत आल्यावर त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी मोडवही शोधून काढली. वडिलांचे अक्षर सरळ आणि किरटे. तारीख, नाव, माल, वजन, भाव, रक्कम असे सहा रकाने. मार्च १९८९ च्या पानावर इतर नोंदी ‘तां. मोड’ एवढ्याच आहेत. एका ओळीत मात्र त्यांनी पुढे लिहिले आहे: ‘गाडग्यातील पैसे’. वजन १ किलो ८४० ग्रॅम. आणि खाली बारीक, ‘पैकी ११ नग घरी’.

त्या साठ्याची जगात असलेली ही एवढीच नोंद. माझ्याजवळ उरलेल्या सहा आणि परत आलेली एक अशा सात शिवराया मी तोलल्या. सरासरी ९.८ ग्रॅम, घासल्यामुळे थोडी कमीच. तराजूचा पाव आणा साधारण साडेसहा ग्रॅमचा. सगळ्याच शिवराया असत्या तर एकशे अठ्ठ्याऐंशी पैसे भरतात. तिसरा हिस्सा तराजूचा धरला तर दोनशे दहाच्या आसपास, निम्मा धरला तर सव्वादोनशे. माझ्या आठवणीत तराजूचे पैसे निम्म्याहून कमी होते, पण ती आठवण ‘श्री’ शोधणाऱ्या डोळ्यांची आहे. नको असलेली वस्तू माणूस मोजत नाही. गंजाचे वजन किती, मातीचे किती, हेही आहेच. जे हाती लागते ते एवढे: १८३० ते १८३३ यांपैकी कोणत्या तरी सालानंतर केव्हातरी, पनवेल गावात, एकशे ऐंशी ते सव्वादोनशे तांब्याचे पैसे, दोन चलनांचे, एका गाडग्यात.

हल्ली विमानतळामुळे पनवेलमध्ये जागांचे भाव वाढले आहेत आणि उरलेसुरले वाडेही पडत आहेत. जेसीबीने काम होते, गाडगे लागले तरी चालकाला कळणार नाही. तरीही जवळपासच्या भंगारवाल्यांना मी सांगून ठेवले आहे की, जुने पैसे आले तर मोडीच्या दुप्पट भावाने घेईन, पण सगळे एकत्र, न घासता, आणि कुठून आले ते सांगितले तरच. मग कलेक्टर कचेरीचा अर्जही मीच लिहीन. आतापर्यंत दोनदा बोलावणे आले. एकदा सहाव्या जॉर्जचे भोकाचे पैसे निघाले, एकदा देवळातल्या पेटीतली वीस पैशांची पितळी नाणी. दोन्ही वेळा मोजून, तोलून, लिहून घेतले.

परत आलेल्या शिवराईसाठी मी नवे पाकीट केले. जुन्यावर छापलेले ‘रायगड’ खोडून टाकले नाही, तेही तिच्या प्रवासात आहे. नव्यावर लिहिले: शिवराई, वजन ९.६ ग्रॅम, ‘ति’वर टिकावाचा घाव. स्थळ पनवेल, वाड्याचे जोते. सोबत: सुमारे दोनशे पैसे, शिवराया व मुंबईचे तराजूछाप, वितळवले. आधार: मोडवही, मार्च १९८९, व पेन्सिलीचा ठसा क्र. ७. सोबतच्या सर्वांत उशिराच्या नाण्याचे साल, या ओळीपुढे जागा सोडली आहे.